टेबलक्लॉथ नेमका कुठल्या रंगाचा?

साडीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘जरा उजेडात बघू.’ मग साडी घेऊन सगळ्या दाराशी जातात. ट्यूबखाली मोरपंखी वाटलेला रंग उन्हात भलताच निळा निघतो आणि ‘हा बघ खरा रंग’ असं एकमताने ठरतं. साडी नेसायची असते रात्रीच्या रिसेप्शनला, हॉलमधल्या झगझगीत दिव्यांखाली. तिथे दारातला रंग कोणाला दिसणार, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

प्येर बोनार या फ्रेंच चित्रकाराने हा प्रश्न जन्मभर उकरला. क्षणाक्षणाला बदलणारा उजेड टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या पुढच्या पिढीतला हा माणूस. जन्म १८६७चा, शिकला कायदा आणि रमला चित्रांत. १९१२ साली त्याने सीन नदीकाठी व्हेर्नोने इथे एक छोटं घर घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या जेवणघराचं चित्र काढलं. विषय म्हणाल तर काहीच नाही. तांबूस-नारिंगी भिंती, एक टेबल, खुर्च्यांवर मांजरं, बागेकडे उघडलेलं दार. शेजारच्या खिडकीच्या कठड्यावर बाहेरून रेलून त्याची सोबतीण मार्थ आत डोकावते आहे. भांडण नाही, प्रेमप्रसंग नाही, कोणी जेवतसुद्धा नाही.

पण टेबलावरचा पांढरा टेबलक्लॉथ बघा. तो पांढरा नाहीच. त्यात निळसर आहे, जांभळट आहे, कुठे कुठे भिंतीची ऊबही उतरली आहे. तरीही कोणाही शहाण्या माणसाला तो पांढराच वाटतो. दाराचंही तेच. त्याच्या लाकडाला स्वतःचा म्हणून रंग उरलेला नाही, बागेतला निळा-हिरवा उजेड त्याच्यावर पसरला आहे. आणि हे निळे एवढे निळे दिसतात, कारण बाजूला ती नारिंगी भिंत पेटलेली आहे. तिच्यावर हात धरून बघा, निळा लगेच मलूल होतो.

यामागचं शास्त्र बोनारच्या आधीच माहीत झालं होतं. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारा शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. काळा रंग नीट बसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. दोष रंगात नव्हताच. शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर जाडजूड ग्रंथच लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो आपापल्या परीने पचवला.

व्हेर्नोनेपासून जिव्हर्नी हे गाव जवळच. तिथे इम्प्रेशनिस्टांपैकी मोने हा चित्रकार राहायचा. मोने जागेवर उभा राहून रंगवायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. बोनारची तऱ्हा उलटी. फिरायला जावं, पेन्सिलीने चार रेघोट्या ओढाव्यात, खिशातल्या डायरीत त्या दिवशीची हवा टिपावी आणि घरी येऊन आठवणीने रंगवावं. वस्तू समोर असली की तीच वरचढ होते आणि मूळ कल्पना निसटते, असं त्याला वाटे. कॅनव्हास चौकटीवर न ताणता भिंतीला टाचलेला असे. चित्र कुठे संपवायचं, तेसुद्धा नंतर ठरायचं. पिकासोला हे मुळीच पटत नसे. या माणसाचं काही ठरतच नाही, असा त्याचा आक्षेप होता.

आक्षेप खरा आहे, पण मला तोच या चित्रांचा गुण वाटतो. दुपारच्या उजेडाचं तरी कुठे काही ठरलेलं असतं? आपण बाहेरच्या उन्हातून घरात येतो तेव्हा काही क्षण भिंत कुठली आणि कपाट कुठलं हे उमगत नाही, सगळं जांभळटसर तरंगत असतं. मग डोळे सरावतात, मेंदू प्रत्येक वस्तूला नाव देतो आणि रंगाकडे बघणं थांबतं. बोनार त्या नाव देण्याच्या जरा अलीकडे थांबतो. म्हणून मार्थ आणि मांजरं दोन्ही उशिरा दिसतात. आधी दिसतो तो उजेड.

समाधान मात्र या गृहस्थाला कधी नव्हतं. १९४७च्या जानेवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, बदामाच्या झाडाच्या चित्रातला खालचा हिरवा पट्टा त्याला खुपू लागला. ब्रश धरवत नव्हता, तर भाचा शार्ल तेरासच्या मदतीने त्यावर पिवळा चढवून घेतला.

हे सगळं मी लॅपटॉपवर बघून लिहितो आहे, म्हणजे दुकानातल्या ट्यूबखाली साडी बघितल्यासारखंच. जेवणघराचं मूळ चित्र दीड मीटरहून उंच, दोन मीटरहून रुंद आहे आणि ते अमेरिकेत, मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात असतं. नेहमीच्या दालनांना तिथे तिकीट नाही. मिनेसोटातल्या मराठी मंडळींनी एखाद्या रविवारी जाऊन त्या टेबलक्लॉथमध्ये निव्वळ पांढरा कुठे सापडतो का ते बघावं आणि मला कळवावं.