वणव्याच्या उतारावरची तालीम

एखाद्या नृत्यप्रयोगासाठी वन विभागाकडे मार्गदर्शन मागणारे पत्र माझ्या टेबलावर येईल, असे वनपाल म्हणून नोकरी करताना मला कधी वाटले नव्हते. पत्र पुण्यातील एका समकालीन नृत्यसमूहाचे होते. वणवा, जमीन आणि शरीर यांच्या परस्परसंबंधावर ते एक प्रयोग बसवत होते, त्याची रंगीत तालीम साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात होणार होती आणि त्याच दिवशी सकाळी त्यांना जळालेला एखादा उतार पाहून वणवा विझवणाऱ्या माणसांशी बोलायचे होते. परवानगी मिळाली, पण तिला अटी होत्या. काडी पेटवायची नाही, धूर करायचा नाही आणि जंगलातून काहीही उचलून न्यायचे नाही. दिवस मार्चमधले होते. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो आणि त्या काळात आम्हा लोकांना रजा मागण्याची सोय नसते. त्यामुळे सकाळ पाहुण्यांना देणे माझ्या जिवावर आले होते, हे सांगून टाकतो.

डोंगरावर जाण्यापूर्वी दिग्दर्शिकाबाईंनी कार्यालयातच लॅपटॉप उघडून आतापर्यंत बसवलेला भाग दाखवला. नर्तक हात उंचावून उसळ्या घेत होते आणि मागच्या पडद्यावर झाडांच्या शेंड्यांवरून धावणाऱ्या ज्वाळा होत्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव बेचिराख करणारी आणि ८५ जणांचा बळी घेणारी आग, तसेच २०१९-२० च्या उन्हाळ्यातील ऑस्ट्रेलियाच्या आगी, यांची दृश्ये त्यांनी अभ्यासली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोई फुलर या अमेरिकी नर्तकीने काचेच्या जमिनीखालून रंगीत दिवे सोडून रेशमी वस्त्रांतून अग्निनृत्य कसे उभे केले होते, तेही त्यांनी समजावून सांगितले. सगळे देखणे होते, पण त्यात आमचा डोंगर कुठेच नव्हता. तिकडे पाइन आणि निलगिरीची तेलकट झाडे शेंड्यापर्यंत पेटतात. सह्याद्रीच्या या पूर्व उतारांवर जळते ते मुख्यतः वाळलेले गवत आणि पालापाचोळा. आमचा वणवा सहसा उंच नसतो, तो लांब असतो. रात्री साताऱ्यातून पाहिले तर डोंगराच्या अंगावर एक वाकडी लाल रेघ सरकताना दिसते. तिच्याजवळ गेल्यावर ज्वाळा पुष्कळदा गुडघ्याएवढ्या आणि वारा सुटला तर कमरेच्या वर गेलेल्या असतात.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागल्यावर एका बाजूला नुकताच जळून गेलेला उतार होता. याच रस्त्याने पुढे लागणाऱ्या ज्या कास पठाराचा पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, ते फुलांसाठी सर्वांना ठाऊक असते; मार्चमधला हा काळा उतार पाहायला मात्र कोणी गाडी थांबवत नाही. नर्तक मंडळी उतरली आणि काही वेळ कोणी बोलले नाही. गवताचे जळके खुंट तेवढे वर राहिले होते. पडलेले एक खोड पूर्ण जळाले होते आणि त्याच्या जागी पांढऱ्या राखेची त्याच्याच लांबीची पट्टी उरली होती; जिथे आग जास्त वेळ थांबते तिथली राख पांढरी होते, जिथून ती नुसती धावत जाते तिथे काळे राहते. त्या काळ्यात गोगलगायींचे शंख पांढरेफटक होऊन विखुरले होते. एका मुलीने ते वेचायला सुरुवात केली, तेव्हा अट आठवून तिने ते पुन्हा जागच्या जागी ठेवले.

आग चढाला वेगाने का धावते, हे मी त्यांना सांगितले. चढावर ज्वाळा पुढच्या गवताच्या अंगावर कलतात, ते गवत पेटण्यापूर्वीच तापून सुकते आणि उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये आणि शक्यतो जळालेल्या बाजूला पाय ठेवून काम करावे, कारण जे एकदा जळाले ते लगेच पुन्हा पेटत नाही. हे ऐकताच दिग्दर्शिकाबाईंनी दोन नर्तकांना उतारावर एकाखाली एक उभे केले आणि खालच्याने वरच्याच्या अंगावर नुसता कलता भार टाकावा, स्पर्श करू नये, असे सांगितले. वरचा आपोआप मागे सरकू लागला. मी तोंडाने दिलेली माहिती त्यांनी तिथल्या तिथे दोन शरीरांत उतरवली होती. या पाहुण्यांकडे मी गांभीर्याने पाहू लागलो तो तिथपासून.

आमच्या बरोबर तात्या होते. हंगामात ते आमच्याकडे वणव्याच्या राखणीला असतात आणि वाडीतली तरुण पोरे आगीवर नेताना पुढे तेच असतात. हल्ली आमच्याकडे पाठीवर अडकवून पाला उडवण्याची यंत्रे आली आहेत, पण तात्यांच्या हातात अजूनही हिरव्या पाल्याची डहाळीच असते. एका नर्तकाने ती मागून घेतली आणि चित्रपटातल्यासारखी डोक्यावरून फिरवून जमिनीवर हाणली. तात्या हसले नाहीत. त्यांनी डहाळी परत घेतली, दोन्ही पाय फाकवून कमरेत वाकले, ती जमिनीपासून हातभर उंचीवरून खाली आणली, दाबून धरली आणि जळालेल्या बाजूला ओढत नेली. पुन्हा उचलली ती तेवढीच.

"दादा, वर उचलून हाणली की ठिणग्या उडत्यात आनि आग तुमच्या मागं जाऊन बसती," ते म्हणाले. "झोडपायची न्हाई, दाबायची."

मग त्या सर्वांनी ओळ धरली. एकाने दाबत पुढे जायचे, मागच्याने त्याच्याकडून निसटलेले विझवायचे, त्याच्या मागच्याने धुमसणारे खुंट पाहायचे. सराव केलेली, लवचिक शरीरे होती ती. तरीही थोड्याच वेळात त्यांच्या कमरा भरून आल्या. वाकून, एका लयीत, अंगावर धग घेत तासन्‌तास चालण्याचे हे काम रंगमंचावरच्या कोणत्याही उडीपेक्षा कठीण आहे, असे त्यांच्यातलाच एक जण घाम पुसत म्हणाला. लॅपटॉपवरचा भाग आठवून तात्या बाईंना म्हणाले, "ताई, रागावू नका, पर तुमची पोरं नाचताना वर बगत्यात. वनव्यात वर कोन बगतंय? पाय कुटं पडतोय ते बगावं लागतंय." बाईंनी वही काढून हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.

परतताना न जळालेल्या गवतातून यावे लागले आणि सर्वांच्या मोज्यांत कुसळे शिरली. मी एक कुसळ काढून एका मुलीच्या तळहातावर ठेवले आणि त्यावर बाटलीतले थोडे पाणी सोडले. क्षणभराने कुसळाची पीळ पडलेली शेपटी उलगडू लागली आणि ते हातावर गोल फिरले. वाळले की पीळ घट्ट होतो, दमट हवा लागली की सुटतो, आणि या फिरण्यातून कुसळी गवताचे बी स्वतःला मातीत रुजवून घेते. वरून आग गेली तरी मातीत शिरलेले बी वाचते. नेमके इथेच आमचे दुखणे आहे. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, असे पुष्कळांना मनापासून वाटते. पहिल्या पावसात हिरवे उठते हे खरे. पण वरचेवर जाळल्याने पवन्यासारखे जनावरांना आवडणारे गवत मागे पडते, कुसळी माजते आणि उघडी पडलेली माती ओढ्याला जाते. जावळी-पाटणकडे भातासाठी, नाचणीसाठी राब भाजतात, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, ती गोष्ट निराळी. तिथे शेतकरी आपल्या तुकड्यावर, आगीपाशी उभा राहून भाजतो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, पण काडी टाकून गेलेला माणूस सापडणार कसा? तो कायद्याला सापडण्यापेक्षा त्याचा गैरसमज दूर करणे सोपे, असे माझे मत आहे, आणि तेही फारसे सोपे नाही.

माझे हे भाषण त्या मुलीने किती ऐकले, कोण जाणे. ती कुसळाकडेच पाहत होती. गाडीपाशी पोहोचेपर्यंत तिने टाच रोवून, मणक्याला पीळ देत जमिनीकडे उतरत जाण्याची एक हालचाल तयार केली होती.

संध्याकाळच्या तालमीत सकाळचे बरेच काही आलेले दिसले. मागचा पडदा काढून टाकला होता. उसळ्या जवळजवळ नव्हत्याच. वाकलेल्या पाठींची एक तिरकी ओळ रंगमंचाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे इतकी सावकाश जात होती की सुरुवातीला मला कंटाळा आला, आणि नंतर माझ्या स्वतःच्या कमरेत ओळखीची कळ उठली. पीळ देत उतरणारी मुलगी शेवटी पालथी, कान जमिनीला लावून पडली होती. उपग्रहाचाही एक प्रवेश होता. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आमच्या मोबाइलवर आगीचा इशारा येतो तो उपग्रहाच्या नोंदींवरून, आणि त्यातली एक नोंद ३७५ मीटर बाजूच्या चौकोनाची, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांची असते. आग त्यात नक्की कुठे आहे, ते पायांनीच शोधावे लागते. मी सहज सांगितलेली ही माहिती त्यांनी रंगमंचावरच्या पांढऱ्या प्रकाशाच्या चौकोनात आणली होती. त्यात एकटा नर्तक कडेकडेने काहीतरी शोधत फिरे. चौकोन मला फार आवडला. त्यावर ध्वनिमुद्रित कविता वाजत होती, ती मात्र अनावश्यक वाटली आणि मी तसे सांगितले. ती काढली की नाही, ठाऊक नाही.

तालीम संपून दिवे लागले, तेव्हा बाईंनी तात्यांना विचारले, "काका, काय राहिलं?"

"संपलं लई लवकर," तात्या म्हणाले. "आग विझली म्हनून घरी जायचं नसतंय. खोडं आतनं धुमसत ऱ्हात्यात. वारं आलं की परत उटती."

यावर त्यांची तिथेच बैठक बसली. पडदा पाडायचाच नाही, टाळ्या पडून प्रेक्षक उठू लागले तरी नर्तकांनी ओळीने मागे फिरून जमीन तळव्याने चाचपडत राहायचे आणि शेवटचा प्रेक्षक बाहेर जाईपर्यंत थांबायचे, असे ठरले. नाट्यगृहाच्या माणसाने भाड्याच्या वेळेची आठवण करून दिली. मंडळी गप्पा मारत रेंगाळली तर काय करणार, असा त्याचा रास्त प्रश्न होता. बराच वेळ घासाघीस झाल्यावर अर्धा तास वाढवून घेण्याचे पैसे बाईंनी मान्य केले. रात्रीच्या राखणीचे पैसे आम्हाला इतक्या चटकन मंजूर होत नाहीत, हे मी तात्यांच्या कानात सांगितले.