घणाच्या मापाची खाण

अमेरिकेत, साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहरात, एका लॅबमध्ये माझं काम खडी तपासण्याचं आहे. पोलादी गोळ्यांबरोबर ड्रममध्ये फिरवून ती किती झिजते, किती पाणी पिते, कुठल्या चाळणीवर किती उरते, हे रोजचं. इकडची खडी गुलाबी असते. सू क्वार्ट्‌झाइट हा दगड इतका कडक, की क्रशरचे जबडे लवकर घासून जातात. डेल रॅपिड्सच्या बाजूला त्याच्या मोठ्या खाणी आहेत. ड्रिल, सुरुंग, डंपर, क्रशर, सगळं आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीसारखंच.

त्याच दगडाच्या पट्ट्यात, इथून गाडीने तासाभरावर, मिनेसोटात पाइपस्टोन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीत आजही दगड हाताने फोडतात. घण, पहार, पाचर, छिन्नी, फावडं, एकचाकी गाडा, एवढंच सामान. यंत्राचं हत्यार चालत नाही. आणि तिथला लाल दगड काढायचा हक्क फक्त अमेरिकेतल्या आदिवासींना आहे. मी वडाराच्या घरातली. माझे आबा पाटे-वरवंटे घडवायचे, अण्णांची, म्हणजे वडिलांची, उमेदीची वर्षं खाणीवर गेली, आई खडी फोडायची. अशी खाण जगात आहे म्हटल्यावर ती पाहिल्याशिवाय मला चैन पडणं शक्य नव्हतं.

आधी दगडाबद्दल, कारण सगळं त्यावरच आहे. वर क्वार्ट्‌झाइटचा जाड थर, त्याच्या खाली लाल मऊ दगडाची फूट-दीड फुटाची पट्टी. हा दीडशे कोटी वर्षांहून जुना गाळ, दबून आणि तापून दगड झालेला. लाली लोखंडाची. त्यात क्वार्ट्‌झचे कण जवळजवळ नसतात, म्हणून तो साध्या सुरीने, कानशीने कोरता येतो आणि पाणी लावून घासला की आरशासारखा होतो. या दगडाची चिलीम आदिवासींच्या प्रार्थनेत वापरली जाते. धूर वर जातो तशी प्रार्थना वर जाते, अशी श्रद्धा. १८३६ साली जॉर्ज कॅटलिन हा चित्रकार इथे येऊन गेला, त्याने नेलेल्या नमुन्यावरून विज्ञानात या दगडाचं नाव कॅटलिनाइट पडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून वेगवेगळ्या जमातींचे लोक दुरून दुरून चालत इथे येत होते.

अडचण अशी की हे थर पूर्वेकडे तिरपे उतरत जातात. पश्चिमेच्या कडेला लाल पट्टी पूर्वी जवळजवळ हाताशी होती. ती काढत काढत लोक पूर्वेला सरकले, तसा डोक्यावरचा क्वार्ट्‌झाइट जाड होत गेला. आता काही खड्ड्यांत तो दहा फुटांहून जास्त आहे. म्हणजे फूटभर मऊ दगडासाठी आधी दोन पुरुष उंचीचा कडक दगड हाताने हटवायचा. आठवडेच्या आठवडे त्यातच जातात. वसंतात बर्फ वितळलं की खड्डे पाण्याने भरतात, ते काढावं लागतं. त्यामुळे खरं काम उन्हाळा सरताना आणि पानगळीच्या दिवसांत.

मी गेले तेव्हा एका खड्ड्यात साठीच्या पुढचे, डकोटा जमातीचे एक गृहस्थ आणि त्यांचा नातू काम करत होते. मी पायवाटेच्या कडेला उभी राहून बघत होते. क्वार्ट्‌झाइटला मुळातच उभ्या-आडव्या भेगा असतात. म्हाताऱ्या माणसाने एका भेगेत बोट फिरवलं, खालपर्यंत नेलं, मग पाचर लावून घण मारला. एक घाव. थांबले, ऐकलं. दुसरा घाव जरा बाजूला. आवाज बदलला तेव्हा मला इथे वर कळलं, की आता सुटणार. आबा हेच करायचे. काळ्या पाषाणाला ते कान लावायचे, आणि बद्द आवाज आला की म्हणायचे, "इथं नस न्हाई, वायाच जाईल." धोंडा सुटला तो नातवाने पहारीने कलता केला आणि दोघांनी मिळून मागे ढकलला.

मागे म्हणजे कुठे, हे मी नीट बघून ठेवलं. खड्ड्याची पुढची भिंत पूर्वेला सरकते आणि फोडलेला क्वार्ट्‌झाइट पश्चिमेच्या, काम संपलेल्या बाजूला रचला जातो. जिथून लाल दगड निघाला तिथेच वरचा कडक दगड जाऊन बसतो. त्या ढिगांवर आता गवत आणि झुडपं आलेली आहेत. चारी बाजूंना उंच गवताची जुनी प्रेअरी शिल्लक आहे, शेजारून ओढा वाहतो, त्याला छोटासा धबधबा आहे. शेकडो वर्षं दगड काढलेली जागा आहे आणि लांबून खाण म्हणून ओळखूही येत नाही.

त्या आजोबांशी थोडं बोलणं झालं. मी सांगितलं, माझ्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या दगडफोडे. त्यांनी लगेच विचारलं, "तुमचा दगड कुठला?" मी म्हटलं, बेसॉल्ट, लाव्हाचा. त्यांनी मान हलवली आणि माझे हात बघितले. माझे हात लॅबमधले. मग त्यांनी लाल दगडाची एक पातळ चीप पाण्यात बुडवून दाखवली. कोरडी असताना ती फिकट विटकरी दिसते, ओली झाली की गडद होते. काम सुरू करण्याआधी ते तंबाखू वाहतात. त्यांच्या लोकांत हा दगड पूर्वजांचं रक्त मानतात, त्यामुळे गरजेपुरताच घ्यायचा. मला घण हातात घ्यायचा मोह फार झाला होता, पण तो हक्क माझा नव्हता. जे लोक दगडाशी नातं ठेवून आहेत त्यांच्यासाठी कायद्याने दार राखून ठेवलंय आणि बाकी सगळ्यांनी कडेला उभं राहायचं, हे मला मनापासून आवडलं.

कायदा १९३७ चा. त्या वर्षी पाइपस्टोन हे राष्ट्रीय स्मारक झालं आणि कायद्यातच लिहिलं गेलं की लाल दगड काढण्याचा हक्क सर्व जमातींच्या आदिवासींसाठी राखीव. खाण चालते राष्ट्रीय उद्यान खात्याच्या देखरेखीखाली. सरकारमान्य जमातीचा नोंदणी असलेला सदस्य असेल त्यालाच परवाना मिळतो. वर्षाच्या परवान्यांसाठी खड्डे ५० च्या आसपास आहेत आणि त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. नंबर लागला की माणूस आपला खड्डा सांभाळतो, नातवाला शिकवतो. खातं जमातींशी सल्लामसलत करतं. लिलाव नाही. कोणी जास्त बोली लावली म्हणून त्याला जास्त दगड मिळत नाही.

पण ही भागीदारी गोडीगुलाबीने सुरू झालेली नाही, आणि ते लपवलं तर आपण त्या लोकांवर अन्याय करू. १८५८ च्या सरकारशी झालेल्या करारात यँक्टन सू जमातीच्या लोकांनी एक कोटीहून जास्त एकर जमीन सोडली. त्या बदल्यात जे मागून घेतलं त्यात या खाणीचा मुक्त वापर होता. खाणीभोवतीची एक चौरस मैल जमीन त्यासाठी राखली. पुढे गोरे वसाहतवाले तिच्यावर घुसत राहिले. १८९३ मध्ये सरकारने त्याच जमिनीवर आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली, ज्या शाळांत पोरांची भाषा आणि केस दोन्ही कापले जात. ती १९५३ पर्यंत चालली. यँक्टन लोक कोर्टात गेले. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने जमीन त्यांची होती हे मान्य केलं, पण जमीन परत मिळाली नाही, भरपाईचे पैसे मिळाले आणि मालकी सरकारकडे गेली. म्हणजे आज हक्क आहे तो वापराचा. जमिनीचा मालक सरकारच. यँक्टनांमध्ये याची सल आजही आहे, आणि हक्क सर्व जमातींना खुला झाला याबद्दलही तिथे एकमत नाही.

दुसरा वाद विक्रीचा. घडवलेल्या चिलमी पर्यटकांना विकाव्यात का? काही जण म्हणतात, पवित्र वस्तू विकणं म्हणजे ती संपवणं. काही कारागिरांची चूल त्यावर चालते. मला दोन्ही बाजू पटतात. आबा पाट्याचे पैसे घ्यायचे, पण मारुतीचा दगड घडवायला सांगितला तर भाव करायचे नाहीत, गाव देईल ते घ्यायचे. हा निवाडा त्या लोकांनीच आपापसांत करायचा आहे.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो दाखवले. अण्णांनी आधी पाचरीचा फोटो मोठा करायला लावला. "बरोबर नसेवर बसलीय," म्हणाले. मग विचारलं, "मालक कोण? ठेकेदार कोण?" मी म्हटलं, ठेकेदार नाही, जो फोडतो त्याच्याच नावावर परवाना. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग मुकादम बी नसंल. उचल बी नसंल."

त्या एका वाक्यात आमच्या घराचा सगळा हिशेब आहे. आधी उचल घ्यायची, मग ती फेडेपर्यंत त्याच खाणीवर राहायचं. मोजणी ब्रासवर. शंभर घनफुटांचा एक ब्रास, पण ट्रॉली कुणी कशी भरली आणि किती ब्रास मांडली हे ठरवणारा दुसराच. आमची वस्ती खाणीच्या कडेला पत्र्याची, सुरुंगाची वेळ झाली की आई आम्हाला घेऊन लांब पळायची. 'संतुलन' संस्थेच्या पाषाण शाळा त्या भागात खाणीवरच भरायच्या, म्हणून माझ्यासारख्या पोरांच्या हातात पाटी आली. अण्णांचा खोकला अजून आहे. धूळ कुणाच्या फुप्फुसात गेली आणि पैसा कुणाच्या खात्यात, हे वाघोलीत उभं राहिलं की दिसतं. दगड संपला की मालक पुढच्या डोंगरावर जातो. मागे राहतो पाण्याने भरलेला खड्डा. अशा सोडून दिलेल्या खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात.

दगड फोडणारा दोन्हीकडे तसाच कसबी आहे. त्याला दगडाची नस कळते, कुठे थांबायचं तेही कळतं. पाइपस्टोनमध्ये थांबायचा निर्णय त्याच्या हातात आहे, कारण उद्या त्याच खड्ड्यात त्याचा नातू उतरणार आहे. आमच्याकडे तो निर्णय कधीच आमचा नव्हता. खाण किती वर्षं टिकेल हे मला यावरून ठरताना दिसतं, आणि पर्यावरणाच्या सगळ्या अटी त्याच्या नंतर येतात. अटी आपल्याकडेही कागदावर पुष्कळ आहेत.

सगळ्या खाणी घणाने चालवा, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः खडीवर जगते. पूल हवे आहेत, धरणं हवी आहेत, आणि हाताने फोडून तेवढी खडी निघणार नाही. आईच्या हातांचं जे झालं ते पाहिल्यावर मी कुणाला परत हाताने खडी फोडायला सांगूही शकत नाही. पाइपस्टोनला चालतं कारण तिथे हवा असतो तो थोडा दगड आणि तो लागतो पूजेला. तरी परवाना फोडणाऱ्याच्या नावावर असणं आणि निघालेला निरुपयोगी दगड त्याच खड्ड्यात परत रचत जाणं, ही दोन कामं क्रशरच्या खाणीतही करता येतात. खड्डा भरत पुढे सरकायला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही. लागतं ते खाणीचा आराखडा पहिल्या दिवसापासून तसा आखणं, आणि तो आखायला माझ्यासारखे इंजिनिअर आहेत.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असंही नाही. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासी भाग म्हणून ठरवलेल्या ठिकाणी, गौण खनिजाचा पट्टा द्यायचा किंवा लिलाव करायचा तर १९९६ च्या पेसा या तिथल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने ग्रामसभेची किंवा पंचायतीची आधी शिफारस लागते. दगड, मुरूम, वाळू सगळं त्यात आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, आंध्र प्रदेशातल्या समता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कायद्याच्या आधारे सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीचे खाणपट्टे बिगर-आदिवासींना, खाजगी कंपन्यांनाही, देता येणार नाहीत. आदिवासी स्वतः किंवा त्यांच्या सहकारी संस्था मात्र खनिज काढू शकतात. नफ्यातला किमान २० टक्के भाग तिथल्या विकासासाठी वेगळा ठेवावा, असंही त्या निकालात आहे. पालघर, डहाणू, जव्हारकडे वारली, कातकरी, कोकणा माणसं स्वतःच्या डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्याच्या खाणीवर रोजंदारी करतात, तिथे हा निकाल कुणीतरी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला हवा. नुसती शिफारस देऊन थांबायचं की पट्टाच आपल्या संस्थेच्या नावावर मागायचा, हा प्रश्न तिथे विचारला गेला पाहिजे.

वडारांना पेसाचा उपयोग नाही. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जातींमध्ये, आणि आमची वस्ती जिथे खाण तिथे. रॉयल्टीची सवलत आमच्या नावाने आहे, पण ज्याच्याकडे पट्टाच नाही त्याने सवलत घ्यायची कशावर? मजूर सहकारी संस्थेच्या नावावर छोटा पट्टा, मोजणीचं माप संस्थेच्या ताब्यात, धूळ दाबायला पाणी, आणि सोडताना खड्डा बुजवल्याशिवाय अनामत परत नाही, इतकं मिळालं तरी माझ्या चुलतभावांच्या पोरांना दम्याशिवाय दगडाचं काम करता येईल. दगडाचं कामच सोडा, असं आम्हाला शहाणी माणसं सांगतात. अण्णांना ते कधीच पटलं नाही. काम वाईट नव्हतं, ते म्हणतात, वागणूक वाईट होती.

अण्णांनी एक काम सांगितलंय. वाघोली, लोणीकंद, किंवा राज्यात कुठेही, वडारांच्या किंवा आदिवासींच्या सहकारी संस्थेने स्वतःच्या पट्ट्यावर खाण चालवली असेल, आज चालू असो की बंद पडलेली, तर तिची कागदपत्रं बघायची आहेत: पट्टा किती वर्षांचा, मजुरी कशी ठरवली, ब्रास कोण मोजत होतं, खड्डा भरला का, आणि बंद पडली असेल तर कशाने. कुणाच्या घरात अशा संस्थेची जुनी वही, पावतीपुस्तक, काहीही असेल तर फोटो काढून पाठवा. मी दिवाळीत येते आहे, अण्णांना घेऊन तुमच्याकडे येईन.