इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, नोंद ४ : आब्लाऽरा की आब्लाराऽ?

स्पॅनिशचं इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह (भूतकाळातलं ‘करावं’ किंवा ‘असतं’ सांगणारं रूप) बनवताना भूतकाळाच्या ‘ते’च्या रूपातलं ‘रोन’ उडवायची युक्ती क्रियापदांच्या तिन्ही गटांत (आर, एर, इर) चोख बसली. आब्लारोन (ते बोलले), कोमिएरोन (ते जेवले), बिबिएरोन (ते राहिले). शेवटचं रोन काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. नोसोत्रोसच्या (आम्ही) रूपात जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो, म्हणून तिथे टिल्दे (स्वरावरची तिरकी रेघ) लिहावाच लागतो: आब्लाऽरामोस, कोमिएऽरामोस. (ऽ म्हणजे जोर.) अनियमित क्रियापदंही याच वाटेने जातात, तुबिएरोनचं तुबिएरा. हे जमलं तेव्हा फार बरं वाटलं.

गाडी अडली ती आर गटात. आब्लाऽरा हे सबजंक्टिव्ह, आब्लाराऽ हा साधा भविष्यकाळ. अक्षरं तीच, फक्त जोर सरकतो. तक्ते शेजारी ठेवल्यावर दिसलं की घोळ तीनच रूपांत आहे: तू, एल (तो) आणि एयोस (ते); उस्तेद, उस्तेदेस (तुम्ही) त्यातच आले. यो (मी) आणि नोसोत्रोसचं भविष्य आब्लारेऽ, आब्लारेऽमोस. तिथे गफलत होत नाही. कोमिएऽरा आणि कोमेराऽ यांचा तर तोंडवळाच वेगळा.

पण ही तीन रूपं छळतात. हे बघा:

दिहो के आब्लाराऽ: तो बोलेल असं ती म्हणाली.
दिहो के आब्लाऽरा: त्याने बोलावं असं तिने सांगितलं.

एका टिल्देने निरोपाची आज्ञा होते. मराठीत बोलेल आणि बोलावं हा फरक आपल्या कानात आहेच, तेव्हा आधी मराठी वाक्य मनात म्हणा, मग जोर ठरवा. मात्र आपलं ‘बोलावं’ वर्तमानात नि भूतकाळात तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये किएरे के आब्ले (त्याने बोलावं असं तिला वाटतं), पण केरिआ के आब्लाऽरा (त्याने बोलावं असं तिला वाटत होतं).

टिल्देशिवायचं उत्तर बरोबर धरणारं ॲप या टप्प्यावर नुकसानच करतं. चूक महिनोन्‌महिने लपून राहते. रेआल आकादेमियाच्या (स्पॅनिश भाषेची अधिकृत संस्था) ऑनलाइन शब्दकोशातले तक्ते वापरा, रा आणि से (याच सबजंक्टिव्हचा दुसरा प्रत्यय) दोन्ही रूपं शेजारी मिळतात.

से-रूपं पुढच्या महिन्यावर ढकलायची होती. पण हे लिहिताना लक्षात आलं की आब्लाऽरा की आब्लाराऽ हे ओळखायची चाचणी तीच आहे! आब्लाराच्या जागी आब्लासे बसतं का बघा. बसलं तर जोर ‘ब्ला’वर, नाही तर ‘रा’वर. दिहो के आब्लासे चालतं, मान्याना (उद्या) आब्लासे चालत नाही. अपवाद एक लक्षात ठेवा: नम्र विनंतीच्या किसिएऽराच्या (‘मला हवं होतं’) जागी से-रूप घालू नका. तेव्हा से-रूपांची सरावाची कार्डं आता आधी.

सि-वाक्यांत (सि म्हणजे जर) अजून घसरायला होतं, कारण मराठी दोन्हीकडे ‘असतं’च लावते: तू इथे राहत असतास तर आपण रोज बोललो असतो. स्पॅनिशमध्ये रा फक्त सि-च्या बाजूला, दुसरीकडे रिआ: सि बिबिएऽरास आकीऽ, आब्लारीऽआमोस कादा दिआ. यासाठी आर गटाची वीस क्रियापदं निवडली आहेत. प्रत्येकाचं एक सि-वाक्य, एक दिहो-वाक्य, दोन्ही मोठ्याने.