बर्लिन: केथे कोलविट्झच्या बायका

सेनेफेल्डरप्लाट्झला मेट्रोतून वर आलं की आलोइस सेनेफेल्डरचा संगमरवरी पुतळा दिसतो. शिळाछापाचा शोध यानेच लावला. चौथऱ्यावर त्याचं नाव उलटं लिहिलंय, छापायच्या दगडावर लिहितात तसं. तिथून कोलविट्झप्लाट्झ हा चौक अगदी जवळ. जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केथे कोलविट्झ पन्नासेक वर्षं या भागात राहिली. नवरा कार्ल कामगार वस्तीतला डॉक्टर. त्याच्याकडे येणाऱ्या गांजलेल्या बायका तिच्या रोजच्या पाहण्यातल्या. चौकातल्या तिच्या पुतळ्यावर पोरं खुशाल चढत होती.

चित्रं मात्र शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या आवारात आहेत. तिचं संग्रहालय 2022 मध्ये तिथे हललं. कैसर विल्हेल्म दुसऱ्याने 1898 साली तिला सुवर्णपदक मिळू दिलं नव्हतं. आता ती त्याच्याच घराण्याच्या वाड्यात ठाण मांडून बसलीये!

मी सर्वांत जास्त रेंगाळले ती 'शेतकऱ्यांचं युद्ध' (1902-08) या मालिकेपाशी. विषय जर्मनीतलं 1525 चं बंड. एका एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात, एक बाई विळ्याच्या लांब पात्याला धार लावतेय. डोळे अर्धवट मिटलेले, गाल पात्याच्या इतका जवळ की आपणच दचकावं. ती रडत नाही, ओरडत नाही. मनात काहीतरी पक्कं ठरतंय एवढंच कळतं. दुसऱ्यात बंडातली शेतकरी बाई 'काळी ॲना' आपल्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर फेकून जमावाला पुढे ढकलतेय. चेहरा दिसतच नाही. सगळा संताप त्या वाकलेल्या पाठीत आणि ताणलेल्या बोटांत.

ऑक्टोबर 1914 मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. अठरा वर्षांचा, स्वतःहून भरती झालेला, आणि वडिलांची परवानगी मिळवून द्यायला आईनेच मदत केलेली. पुढे 'युद्ध' ही चित्रमालिका तिने लाकडी ठशांवर कोरून छापली. त्यातल्या 'माता' एकमेकींना बिलगून तटबंदीसारख्या उभ्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या काळ्या गर्दीतून पोरांचे चेहरे डोकावतात.

तिचं 'मृत मुलासह आई' हे शिल्प बर्लिनमधल्या नॉये वाखे या स्मारकात आहे, पण ते 1993 साली कितीतरी मोठं करून बसवलेलं. मूळ शिल्प जेमतेम सव्वा फुटाचं. मला तो भव्यपणा तिच्या स्वभावाशी विसंगत वाटला. एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर सरळ शार्लोटेनबुर्ग गाठा.