तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली, तेव्हा मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. न्यायाधीशांच्या वेतन व सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये ही अट काढून टाकली गेली होती. त्या भरवशावर माझ्याबरोबरच्या कित्येकांनी पदवीनंतर थेट परीक्षेचा अभ्यास धरला होता आणि त्यांची निराशा मला रास्त वाटते. सुरुवातीच्या वकिलीत हाती फारसे काही पडत नाही, आणि बेताच्या परिस्थितीतल्या मुलीला ती वर्षे काढणे फार जड जाते.

तरीही अट योग्यच आहे, असे माझे मत आहे. वाटणीच्या एका दाव्यात खेड्यातल्या एका वृद्ध बाईंची उलटतपासणी झाली. त्या मराठीत बोलत होत्या, जबानी कन्नडमध्ये उतरवली जात होती. सही घेण्यापूर्वी ती मराठीत समजावून सांगितली, तेव्हा कुटुंब विभक्त झाल्याच्या वाक्यावर त्यांनी हात वर केला. "चुली वेगळ्या झाल्या साहेब, शेत नाही वाटलं. भात अजून एकाच खळ्यावर येतं." न्यायाधीशांनी वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतले. त्या एका वाक्यावर दाव्याचा निकाल फिरू शकला असता, हे पुस्तकातून मला कधीच उमगले नसते.

वकिलीचा काळ वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे, हे निकालातच स्पष्ट असल्याने माझी मुदत भरली. दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा लागतो, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलांचा; मात्र वकिलांच्या दाखल्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा शेरा हवा. मी वकालतनाम्यांच्या प्रती आणि माझी हजेरी नोंदलेले आदेश तारीखवार लावून सरांसमोर, म्हणजे माझ्या ज्येष्ठ वकिलांसमोर, ठेवले. त्यांनी एकेक कागद पाहिला आणि मगच सही केली. शेरा मिळायला त्यामुळे अडचण आली नाही.

दाखला हाती आला असला तरी मुख्य परीक्षेतला इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेलीला कठीणच आहे. त्यासाठी सध्या रोज संध्याकाळी कार्यालयात जुन्या कन्नड निकालपत्रांचे इंग्रजी करते आणि सर ते तपासून देतात.