डोक्यावरचं लाकूड पायाखाली

सोलापुरात कुणी घरात लाकडी फ्लोअरिंग केलंय म्हणून सांगितलं की समोरचा आधी तुमच्याकडं नीट बघून घेतो आणि मग विचारतो, उन्हाळ्यात काय करणार बे? प्रश्न बरोबरच आहे म्हणा. एप्रिल-मेत इथं पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो आणि अशा दुपारी शहाबादी फरशीवर उघड्या अंगानं पालथं पडणं हाच आमचा पिढीजात एसी. शहाबाद पण इथून जवळच, वाडी जंक्शनकडं जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, त्यामुळं जुन्या घरांत तीच फरशी, मग मोझॅक आली, मग कोटा, आता सगळीकडं व्हिट्रिफाइड. लाकूड मात्र कायम वर. माळवदाचं घर म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. पायाखाली लाकूड घालायचं असतं हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

तर गावाकडचं माळवद उतरवलं तेव्हा लिंबाच्या, बाभळीच्या तुळया ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकल्या आणि सागवानी तेवढ्या ठेवल्या. त्या चिरून वरच्या खोलीत जमिनीला घालायच्या असं मी म्हणालो तर आई उखडलीच. "आयुष्यभर डोक्यावर सावली धरली त्यानं, आता त्याला पायाखाली घेणार?" याला उत्तर नाही. मी आपलं विकून टाकण्यापेक्षा बरं ना वगैरे म्हणत राहिलो, ती गप्प बसली, पण पटलेलं नव्हतं.

सॉमिलवाल्याची पहिली अट, खिळे काढून आणा, एखादा जरी आत राहिला तर पात्याचे दात जातात. चुलीच्या धुरानं तुळया बाहेरून इतक्या काळ्या झाल्या होत्या की हे सागवान आहे यावर मीच विश्वास ठेवला नसता, पण पहिला छेद गेला आणि आतनं पिवळाधमक रंग, आणि तो चामड्यासारखा तेलकट वास, पिढ्यान्‌पिढ्या धूर खाऊन पण तसाच. जिथं खिळे होते तिथं भोकाभोवती काळीभोर कडी पडलेली, म्हणजे लोखंड आणि लाकडातला तुरट अंश एकमेकाला लागले की होतं तसं. अण्णा, म्हणजे आमचा मिस्त्री, म्हणाला मालक पुट्टी भरून टाकू, कळणार पण नाही. मी नको म्हणलं. आता फळी बघून आई सांगते, ही स्वयंपाकघरातली, इथं शिंकं टांगायचो.

अण्णानं लगेच काम सुरू केलं नाही. फळ्या खोलीत आणून मधे पट्ट्या देऊन रचून ठेवल्या, त्यांना इथली हवा खाऊ द्या म्हणाला. मग स्लॅबवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप मारून रात्रभर ठेवला, सकाळी खाली दव धरलेलं दिसलं असतं तर काम पुढं ढकललं असतं, कारण स्लॅबमधला ओलावा वर आला की लाकडाचं वाटोळं. मग पॉलिथिनचा कागद, त्यावर प्लाय आणि मग फळ्या, एका फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसवून. खिळा जिभेत तिरका मारायचा म्हणजे वरून दिसत नाही, आणि हातोडी कधीच थेट फळीवर नाही, मधे उरलेल्या लाकडाचा ठोकळा धरून ठोकायचं नाहीतर कड फुटते.

आणि भिंतीकडेनं बोटभर जागा सोडलेली, दहा-बारा मिलिमीटर. एवढं लाकूड आणलंय आणि भिंतीला चिकटवत नाहीये म्हणून मी जरा कुरकुरलो तर अण्णानं हिशोबच मांडला. तीन इंची चाळीस फळ्या म्हणजे दहा फूट. पावसाळ्यात एकेक फळी अर्धा मिलिमीटर जरी फुगली तरी झाले वीस मिलिमीटर, ते कुठं जाणार? जागा नसेल तर वरच उचलणार. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, जे काय फुगणं-आकसणं ते रुंदीला. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही.

उन्हाळ्यात उलटं. हवा खडखडीत कोरडी झाली की फळ्यांमधे फटी दिसायला लागतात, मोहरी पडली तर गायब. यावर इलाज निघाला तो कूलर. एसी हवा अजून कोरडी करतो, कूलर ओल सोडतो, त्यामुळं आपल्यासाठी लावलेला कूलर खरं तर लाकडाला जास्त मानवतो. फक्त तो गळता नको आणि त्याखाली ट्रे पाहिजे.

खरी लढाई पाण्याची. उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि नळाला पाणी आलं की भांडी, बॅरल, टाकी भरून झाल्यावर उरलेल्या पाण्यानं घर धुऊन काढायचं हा इथल्या घराघरातला उत्सव. बादली ओतल्याशिवाय जमीन स्वच्छ होते हे आईला मान्यच नाही. आणि इथं कपडा घट्ट पिळून, जेमतेम दमट, तोही फळीच्या लांबीनं फिरवायचा, फिनेल नाही, अॅसिडचं तर नावच नाही. आई म्हणते, ह्याला पुसणं म्हणत नाहीत, हे गोंजारणं झालं. पण पाण्यापेक्षा माती जास्त वाईट हे तिनंच आधी ओळखलं. चपलेतनं आलेला बारीक खडा पॉलिश पेपरचं काम करतो, त्यामुळं आता दारात तिचा पहारा. महालक्ष्म्यांच्या वेळी पावलं काढायची तर रांगोळीची पूड पायाखाली घासली जाणार, म्हणून पावलं उंबऱ्यापर्यंत आणि आत पाटावर.

फिनिश तेलाचं केलंय. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, जास्त टिकतं खरं, पण तो वरनं बसलेला थर, ओरखडा पडला की तेवढाच भाग नीट करणं अवघड. तेल आत मुरतं, जिथं घासलं तिथंच परत लावता येतं. आई म्हणाली मग आपलं शेंगदाण्याचं लाव की, घरात डबा आहे. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं वाळतं. पण जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवायचे नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचे, आमच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

हे सगळं वाचून लॅमिनेट करावं वाटलं तर करा, माझं काय जातंय. पण ते एचडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डावर, छापलेला लाकडाचा फोटो आहे, झिजलं की घासून नवं करता येत नाही. इंजिनिअर्ड वुडला वरचा थर खरा असतो, तो तीन-चार मिलिमीटरचा असेल तर एकदोनदा घासता येतो. भरीव फळी अनेकदा. आणि अख्ख्या घरात लाकूड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बाथरूमजवळ आणि स्वयंपाकघरात फरशीच बरी. एका खोलीत मात्र मजा आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, फरशी पायातली ऊब ओढून घेते, लाकूड घेत नाही, आणि त्या थंडीत आई स्वतःहून वरच्या खोलीत चादर टाकून झोपते. विचारलं तर म्हणते, खाली डास आहेत.

सध्याचं भांडण वेगळंच आहे. सप्टेंबरच्या पावसात खिडकीतनं पाणी आलं, वरचं पुसलं पण सांध्यातनं खाली गेलं ते राहिलं, आणि खिडकीजवळच्या फळ्यांच्या कडा वर आल्या. अण्णा म्हणतो, आत्ता घासायच्या नाहीत, खालची ओल गेली की त्या आपल्या आपण बसतील, आत्ता कडा घासल्या तर वाळल्यावर मधला भाग फुगलेला दिसेल, दिवाळीनंतर बघू. आईला दिवाळीच्या आधी सपाट पाहिजे, पाहुणे येणार. तोवर तिनं त्या फळ्यांवर जाड सोलापुरी चादर अंथरून टाकलीय, मी सांगतोय की ती काढ, ओल बाहेर पडायला वाट पाहिजे, तर म्हणते भाऊबीज होऊ दे मग काढते.