आत्याचा कसबा

रविवार, रात्र

पोटऱ्या दुखतायत. सकाळी आत्याला घेऊन कसब्यात हिंडले. जाताना टिपण काढून नेलं होतं: शनिवारवाड्याची पायाभरणी 1730, आग 1828, लाल महालाची आत्ताची इमारत 1988ची वगैरे. "ते कागद पर्समध्ये टाक, ठेच लागेल," म्हणून आत्याने पहिल्याच चौकात विषय मिटवला.

कसबा गणपतीला हात जोडून तांबट आळीत शिरलो. आत्याचं माहेर इथलंच, जरा नदीच्या अंगाला. तिच्या लहानपणी म्हणे अख्खी आळी दिवसभर ठणठणायची. आज ठोके मोजता येत होते. एका दारात कारागीर हंडा मठारत बसला होता. हंडा इंच इंच फिरवायचा आणि ठोका मागच्या ठोक्याला अगदी चिकटून घालायचा. त्याने तांबं कडक होतं, भांड्याला सहज पोचा पडत नाही. मला इतकी वर्षं ती नुसती नक्षी वाटायची! आत्याने एक हंडा उचलून वजन बघितलं, आतून हात फिरवला, भाव विचारला आणि अर्थातच काही घेतलं नाही.

पुढे एका इमारतीच्या पार्किंगमध्ये ती थांबली. एका स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे आमची चूल."

12 जुलै 1961. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं. आत्या तेव्हा सहा वर्षांची. पाणी ओसरल्यावर घरी आले तर बंब चिखलाने गच्च भरलेला, वर कुणाची तरी एकच चप्पल. धुवायला नळाला पाणी कुठलं? धरणच वाहून गेलेलं. आजी विहिरीवरून कळशा आणून तो बंब घासत बसली होती.

शेवटी सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. 1754 मध्ये बांधायला घेतलेलं काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बंदूकवाले गोरे शिपाई कोरलेत. पेठेत वाढलेल्या आत्याने तो गेंडा आज पहिल्यांदा पाहिला. "आम्ही चप्पल काढायचो आणि थेट आत," म्हणाली, आणि बराच वेळ हलली नाही.

रिक्षात विचारलं, त्या बंबाचं पुढे काय झालं?

"गळायला लागला. मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले. तुझ्याकडे रवा ज्यात आहे ना, तो त्यातलाच."